ओनेस्मोचा पहारेकरी

ओनेस्मो लुवांडा न्हाव्याकडून उठताना आपले कापलेले केस कागदात गुंडाळून घरी न्यायचा. इरिंगाच्या बाजारातल्या त्या न्हाव्याला याचं आता काही वाटत नसे. ओनेस्मो येताना दिसला की तो वर्तमानपत्राचा तुकडा आधीच काढून ठेवी. परक्याच्या हाती आपले केस लागले की काय काय करता येतं, हे ओनेस्मोला आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं. पुढे दार-एस-सलामला जाऊन त्यानं संगणकाची पदवी घेतली, पण ते विसरायचं काही मनावर घेतलं नाही. कुणी हसलं तर म्हणायचा, "माझा नाही बाबा असल्या गोष्टींवर विश्वास. पण ज्यांचा आहे त्यांच्या हातात कशाला द्या?"

तिकडे एक बोल आहे, मकोनो वा म्तू. माणसाचा हात. दुभती गाय आटली, पोराची नोकरी लागता लागता राहिली, धडधाकट माणूस साध्या तापानं गेला, की जमलेल्यांतून कुणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, यात माणसाचा हात आहे. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी करतं, आणि करणारा बहुधा शेजारचा किंवा घरातलाच असतो, कारण लांबच्याला आपलं काय पडलंय? ओनेस्मोला हे बाळकडू मिळालं होतं. तो माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज पोलीस चौकीत हजेरी द्यायची. हे शब्द त्याच्या बायकोचे, ब्लांडिनाचे. ती न्जोम्बेला शाळेत शिकवायची, सुट्टीत घरी यायची, आणि आल्याआल्या आपला फोन त्याच्यापुढे टाकायची. "घे, तपासून घे. मग जेवायला बसू."

टेकडीवरच्या शेतकी कॉलेजात ओनेस्मो संगणकांचा कारभार बघायचा. त्याचा चहाचा मग कुलपात असे. परवलीचा शब्द टाकताना तो सगळं अंग कीबोर्डवर असं पसरी, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, याच्या पोटात कळ आली. शेजारच्या टेबलावर युस्टा किकोटी बसायची. तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला दाउदीची आई म्हणत. ओनेस्मोपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, विधवा, चर्चच्या गायनात पुढच्या रांगेत उभी राहणारी, आणि हसली की कपाटाच्या काचा हलाव्यात अशी. कॉलेजच्या सगळ्या कागदपत्रांची आणि गुणांची रोज एक प्रत काढली जाई, ती प्रत सांभाळणं तिचं काम. रोज सकाळी आल्यावर ती सर्व्हरच्या खोलीत जाई, कालची डिस्क काढी, नवी घाली आणि कुलूप लावून परत येई. त्या खोलीत सकाळी जाणारी ती एकटीच. ओनेस्मो गेला तर दुपारच्या जेवणानंतर.

ती घरून मांदाझी तळून आणायची. चहाबरोबर खायचे ते गोडसर, फुगलेले तुकडे बघून ओनेस्मोच्या तोंडाला पाणी सुटे, पण ती पहिला घास घेईपर्यंत त्याचा हात पुढे होत नसे. तिनं हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

"थांब हं," ती म्हणायची. "आधी मी खाते. मेले तर तू खाऊ नकोस."

"तसं नाही हो, दाउदीच्या आई."

"तसंच आहे रे. तुझ्या आईनं दूध पाजलं की संशय पाजला?"

असं त्याला तोंडावर म्हणणारं आणि तरी रोज डबा पुढे करणारं माणूस साऱ्या कॉलेजात एकच होतं.

मग एका वर्षी निकालाच्या दिवशी कॉलेजचं इंटरनेटवरचं पान उघडलं तर निकालाच्या जागी एका फुटबॉल क्लबचं भलंमोठं चिन्ह. कुणीतरी बाहेरून शिरून गंमत केली होती. पोरं आनंदानं ओरडली, प्राचार्य संतापले. प्राचार्यांचं आडनाव होतं सांगा. माणूस मात्र असा, की स्वतः कधी काही सांगायचा नाही, दुसऱ्यांकडून काढून घ्यायचा. त्यांनी ओनेस्मोला बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "मला नाव पाहिजे."

नाव काही मिळालं नाही. पण ओनेस्मोला आयुष्यात पहिल्यांदा संशय घेण्याचा पगार मिळू लागला, आणि तो खुलला.

संगणक दिवसभर स्वतःशी पुटपुटत असतात. कोण आलं, कुणी परवलीचा शब्द चुकवला, कुणी कुठली फाइल उघडली, सगळं ओळीओळीनं टिपून ठेवतात. ते वाचायला माणसाला ना वेळ ना डोळे. ओनेस्मोनं ठरवलं, असा वाचणारा तयार करायचा जो पडद्याआड बसून सतत वाचेल, कुणाला दिसणार नाही, आणि काही वावगं आढळलं की आपल्या फोनवर कळवेल. अशा न दिसता राबणाऱ्या प्रोग्रामला त्या धंद्यात डीमन म्हणतात, म्हणजे जवळजवळ भूतच. ओनेस्मोनं ते नाव टाळलं. भुताची चेष्टा कशाला? त्यानं त्याला म्लिंझी म्हटलं. पहारेकरी.

पहिला पहारेकरी एकाच डोळ्याचा होता. तो नोंदी एकामागून एक वाचायचा. पहिलीत नवी ओळ येईपर्यंत तिथंच तोंड वासून बसे, आणि तोवर चौथीतून अख्खी फौज गेली तरी त्याला पत्ता नसे. म्हणून ओनेस्मोनं त्याचे चार धागे केले, एकेका नोंदीवर एकेक, चौघं एकाच वेळी जागे. एक लॉगिन करणाऱ्यांवर, दुसरा कॉलेजच्या पानावर, तिसरा बाहेरच्या इंटरनेटच्या फाटकावर, आणि चौथा सर्व्हरच्या खोलीच्या दारावर, जिथं कार्ड टेकवलं की कुलूप उघडे.

चौघांना कामाला लावलं की चौघांची भांडणंही सोडवावी लागतात. सगळे आपापली बातमी एकाच टोपलीत टाकत. दोघांनी एकदम हात घातला की एकाचं नाव आणि दुसऱ्याचा पत्ता अशी खिचडी बाहेर येई. एकदा पहारेकऱ्यानं कळवलं, की प्राचार्य सांगा ब्राझीलमधून आत शिरायची धडपड करताहेत. सांगा तेव्हा पलीकडच्या खोलीत चहा पीत होते. मग टोपलीला कडी लावली, एकाचा हात आत असताना दुसऱ्यानं थांबायचं. तर दोन धागे एकमेकांसाठी थांबून बसले, दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या दोन सभ्य म्हाताऱ्यांसारखे, आणि सगळा पहाराच गप्प झाला. त्यात रोज जुनी नोंद बाजूला सरून त्याच नावानं नवी सुरू होई आणि धागा मात्र जुनीलाच चिकटून राही, म्हणजे बिऱ्हाड हललेल्या घरावर पहारा. हे सगळं ओनेस्मोनं चिकाटीनं निस्तरलं. त्या कामात तो खरोखर वाकबगार होता.

"मला दाखव की एकदा," दाउदीची आई म्हणायची. "लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. चार डोळे बरे."

"नको. जितक्यांना माहीत, तितक्या वाटा."

"मी कुठे जाणार आहे तुझा पहारेकरी घेऊन? चर्चमध्ये गायला लावू?"

ती हसली, तोही हसला, आणि पडद्यावरचा प्रोग्राम त्यानं झाकून टाकला. तो कुणीच कधी तपासला नाही.

पावसाळ्याच्या शेवटी एकदा टेकडीवर वीज पडली आणि दाराचं यंत्र बंद पडलं. वायरमन आला, त्यानं तारा जोडल्या. ओनेस्मोनं ते यंत्र स्वतःच्या हातानं पुन्हा सुरू केलं, कारण त्याचे गुप्त आकडे वायरमनला दिसून चालणार नव्हते. ते होतं स्वस्तातलं. ना त्याला इंटरनेट, ना कुणाशी बोलणं. आपली नोंद ते दिवसातून एकदाच, दुपारी, पहारेकऱ्याचा चौथा धागा मागायला आला की त्याच्या हवाली करी. दिवसाढवळ्याचं येणं-जाणं पहारेकरी सोडून देई. त्याला कळवायची होती ती रात्र.

दुसऱ्याच दुपारी ओनेस्मोच्या फोनवर बातमी आली. रात्री दोन वाजून वीस मिनिटं, सर्व्हरची खोली, कार्ड युस्टा किकोटी.

त्यानं ती पुन्हा वाचली. मान वर करून शेजारच्या टेबलाकडे बघितलं. दाउदीची आई मांदाझीचा डबा उघडत होती. "घे, आज वेलची घातलीय," ती म्हणाली, आणि सवयीनं पहिला घास स्वतः घेतला. ओनेस्मो म्हणाला, पोट बरं नाही.

पुढच्या दुपारी तीच बातमी. त्याच्या पुढच्याही. रात्री दोनच्या सुमारास तिचं कार्ड त्या खोलीत शिरत होतं. ओनेस्मोनं तिला काही विचारलं नाही; चोराला विचारलं तर चोर सावध होतो. त्यानं फाटकावरच्या रखवालदाराला सहज म्हणून विचारलं, "रात्री कोणी येतं का रे?" तो म्हणाला, "कोण येणार? कुत्रं फिरकत नाही." म्हणजे हा झोपा काढतो, नाहीतर हाही सामील आहे. त्यानं गुणांच्या फाइली चाळल्या. एकही आकडा बदललेला नव्हता. म्हणजे बाई इतकी तयारीची, की खूणही मागे ठेवत नाही. संशयाचं असंच असतं. पुरावा मिळाला तरी तो पोसला जातो, नाही मिळाला तर जास्तच पोसला जातो.

आणि बोट ठेवायला जागाही होती. तिच्या भावाची मुलगी फराजा त्याच कॉलेजात शिकत होती, आणि मातीच्या विषयात मागच्या खेपेला काठावर पास झालेली ती पोरगी या खेपेला वर्गात तिसरी आली होती. ओनेस्मोनं ते सगळं एकत्र मांडलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण त्या डब्यातलं खात होतो. त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर कुठेतरी समाधानही वाटलं. आई बरोबर होती. हात नेहमी जवळच्याच माणसाचा असतो.

त्यानं ते सगळं छापून प्राचार्यांपुढे ठेवलं. सांगांना हवं होतं ते नाव मिळालं.

चौकशीला सांगा होते, कॉलेजच्या मंडळावरचे दोन वयस्क सभासद होते, आणि भिंतीला टेकून ओनेस्मो उभा होता. जूनमधली इरिंगाची थंडी, सगळे स्वेटरात. दाउदीची आई गुणांच्या प्रतीबद्दल काही विचारायचं असेल म्हणून डिस्कांची पेटी बरोबर घेऊन आली होती. ती मांडीवर धरून बसली.

"या रात्री तुम्ही कुठे होता?" सांगांनी कागद पुढे सरकवला.

"घरी. झोपले होते."

"साक्षीला कोण?"

"विधवा बाई मी. साक्षीला उशी आणू?"

मंडळावरचा एक जण हसणार होता, पण त्यानं सांगांकडे बघून खोकून घेतलं.

"कार्ड कुणाला दिलं होतं?"

"नाही."

"हरवलं होतं? कुणी घेतलं होतं?"

ती विचारात पडली. इथं खोटं बोलली असती तर सुटली असती. हरवलं होतं म्हणायचं, की संपलं. "नाही," ती म्हणाली. "माझ्या पिशवीतच असतं."

"मग खोली भुतानं उघडली?"

तेव्हा तिनं ओनेस्मोकडे मान वळवली. "ओनेस्मो, हे तू लिहिलंस?"

"मी नाही लिहिलं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मशीन लिहितं."

"मी मशीनचं काय वाईट केलं होतं रे?"

सांगांनी तिचं कार्ड मागून घेतलं आणि चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. ती उठली, डिस्कांची पेटी तिनं ओनेस्मोच्या हातात दिली आणि कुठली डिस्क कुठल्या वाराची ते नीट समजावून सांगितलं, कारण काम अडायला नको होतं.

इरिंगा मोठं गाव नाही. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या भाजीवालीपासून सगळ्यांना कळलं, की कॉलेजातला हात सापडला. फराजाला वर्गात पोरं 'तिसरी' म्हणून चिडवू लागली. तिनं कॉलेजात येणं सोडलं. चर्चमध्ये गायनाच्या मुख्य बाईंनी दाउदीच्या आईला फार गोड आवाजात सुचवलं, की काही रविवार मागच्या रांगेत उभं राहिलात तर बरं. ती मागे उभी राहिली नाही. ती घरीच राहिली. नोकरी तर जाणारच होती, पण त्या गावात तिच्याजवळ नोकरीहून मोठं होतं ते नाव, आणि ते गेलं होतं.

सकाळी डिस्क बदलायचं काम आता ओनेस्मोकडे आलं. पहिल्या दिवशी तो आला, चहा न घेता सरळ खोलीत गेला, आपलं कार्ड टेकवलं, डिस्क बदलली आणि परत टेबलाशी येऊन बसला. शेजारचं टेबल रिकामं होतं. दुपारी फोन वाजला.

रात्री दोन वाजून पंचवीस मिनिटं, सर्व्हरची खोली, कार्ड ओनेस्मो लुवांडा.

कुणीही शहाणा माणूस इथं थबकला असता. ओनेस्मोला आधी घाम फुटला. आपल्या कार्डाची कुणीतरी नक्कल केली. आता आपल्याला अडकवताहेत. कोण? वायरमन, त्या दिवशी तो उगाच रेंगाळत होता. की रखवालदार? की फराजा, आत्याचा सूड? की खुद्द सांगा? त्यानं संध्याकाळी कार्ड मोज्यात घातलं, मोजा पायात, आणि तसाच झोपला. पहाटे उठून घराची दोन्ही कुलपं तपासली; जशीच्या तशी. सकाळी कॉलेजात येऊन डिस्क बदलली. दुपारी पुन्हा बातमी, रात्री दोन वाजून दहा मिनिटं, ओनेस्मो लुवांडा.

कार्ड मोज्यात होतं. मोजा पायात होता.

तिसऱ्या सकाळी तो दारासमोर उभा राहिला आणि कार्ड टेकवायच्या आधी त्यानं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्या यंत्राच्या बारक्या पडद्याकडे बघितलं. व्हरांड्यात ऊन आलं होतं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर हिरवे आकडे होते, दोन वाजून वीस.

स्वाहिली बोलणाऱ्यांचा दिवस सूर्याबरोबर उगवतो. सकाळच्या सातला ते एक म्हणतात, आठला दोन, नऊला तीन. घड्याळं मात्र साऱ्या जगाचीच. काटा नऊवर असतो आणि तोंडातून तीन बाहेर पडतं, आणि ऐकणारा तीन ऐकून मनात नऊ धरतो. हा सहा तासांचा हिशेब तिथलं शेंबडं पोरही करतं. ओनेस्मोही करायचा, दिवसातून शंभरदा.

त्याला तो दिवस आठवला. वीज पडून गेलेली, फोन मेलेला, यंत्र वेळ मागत होतं. शिडीवर वायरमन उभा होता आणि ओनेस्मोचं सगळं लक्ष याच्याकडे, की हा खाली बघतोय का, आकडे पाठ करतोय का. एका हातानं कीपॅड झाकत त्यानं व्हरांड्यात ओरडून विचारलं होतं, "किती वाजले हो?" आणि कुणीतरी सांगितलं होतं, सव्वातीन. सव्वानऊ झाले होते, म्हणून सव्वातीन, बरोबरच. कान वायरमनकडे होते, बोटांनी ऐकलं ते टाकलं. तीन, एक, पाच. वेळ सांगणारी होती दाउदीची आई.

तो तिथंच खाली बसला. चार धागे, टोपली, कडी, सगळं बिनचूक होतं. एकाही यंत्रानं चूक केली नव्हती. त्यात माणसाचा हात होता, आणि तो त्याच्या मनगटाला जोडलेला होता.

सांगांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघितलं. "घड्याळ नीट कर. मी सूचना लावतो, की यंत्रात बिघाड होता, चौकशी बंद. पुढच्या सत्रात तिला बोलावू."

"बिघाड नव्हता सर. मी चुकलो."

"लुवांडा, संगणकाचा माणूसच घड्याळ लावायला चुकला असं गावाला कळलं तर कॉलेजचं काय राहील?"

"पण त्या काही न करता चोर ठरल्या."

"म्हणून तर बिघाड म्हणतोय," सांगा म्हणाले, आणि विषय मिटला असं समजून फायलीत शिरले.

ओनेस्मो जन्मभर कुणाला स्वतःचं काही सांगायचा नाही. पण त्या दिवशी चहाच्या वेळी सगळा कर्मचारीवर्ग जमला असताना तो उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. सहा तास कसे सरकले, कुणाच्या बोटानं सरकले, सगळं. आधी कुणाला कळेना. मग कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि सगळे हसू लागले. सकाळच्या नऊला तीन लिहिणारा पदवीधर! त्याला त्या हसण्यानं हलकंच वाटलं. वाटलं, सुटलो, तीही सुटली.

तेवढ्यात प्रयोगशाळेतला म्हातारा किवेलू कप खाली ठेवून म्हणाला, "पण मला एक सांग. वेळ तुला सांगितली कुणी?"

"दाउदीच्या आईनं."

"बघ," किवेलू म्हणाला. हसणं थांबलं. "गावात इतकी माणसं, आणि वेळ बरोबर तिच्याच तोंडून यावी? आणि तुझ्यासारख्या शिकल्या-सवरलेल्याचं बोट बरोबर त्याच क्षणी घसरावं?"

"अहो, बोट माझं होतं."

"बोट तुझंच रे. घसरवलं कुणी, ते म्हणतो मी."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ओनेस्मो त्यांच्याकडे बघत राहिला. तो स्वतः त्यांच्या जागी बसला असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं, हे त्याला नीट ठाऊक होतं.

दाउदीची आई अंगणात सुपात घेवडा निवडत बसली होती. तो फाटकाशी थांबून म्हणाला, "शिकामो." धाकट्यानं थोरल्याला करायचा तो नमस्कार.

"मराहाबा," ती म्हणाली. याचं उत्तर द्यावंच लागतं, वैऱ्यालाही.

तिनं त्याला बसायला सांगितलं नाही. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, किवेलूचं सोडून. ती निवडत राहिली.

"सव्वातीन मीच सांगितले होते?"

"हो."

"बरोबर सांगितले होते ना?"

"बरोबरच होते."

"मग झालं." तिनं खडा वेचून बाजूला टाकला. "तुझ्या पहारेकऱ्याला धागे किती?"

"चार."

"चारही मशीनकडे बघायचे?"

"हो."

"माझं टेबल तुझ्या टेबलाला चिकटलेलं. दाउदीच्या आई, रात्री इथं आला होतात का, एवढं विचारायला कितवा धागा लागला असता रे?"

तो मान खाली घालून उभा राहिला. रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. "माफ करा," तो म्हणाला. ती म्हणाली, "ऊन चढलंय, जा आता," आणि सूप घेऊन घरात गेली.

ती परत आली. फराजाही आली. सांगांनी कार्ड स्वतःच्या हातानं परत दिलं आणि सांगितलं काहीच नाही. दाउदीची आई टेबलाशी बसते, कामं करते, हसते सुद्धा, कपाटाच्या काचा हलाव्यात तशी. डबा मात्र आणत नाही. आल्या दिवशी सकाळी ती सर्व्हरच्या खोलीसमोर कार्ड हातात धरून उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "ओनेस्मो, ये."

"कशाला?"

"बघायला. मी आत जातेय. घड्याळात किती वाजलेत ते तूच वाच, मी सांगणार नाही."

त्याला वाटलं, टोमणा आहे, आज मारेल, उद्या विसरेल. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्याही. व्हरांड्यातून जाणारी माणसं बघत. आठवडा झाल्यावर त्याला राहवलं नाही. "दाउदीच्या आई, पुरे करा ना आता. मला लाज वाटते."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"तुला लाजवायला नाही बोलावत रे," ती म्हणाली. "मला एकटीनं त्या खोलीत जायची भीती वाटते."

तेव्हापासून ती हाक मारायच्या आधीच तो उठतो, दारापाशी जाऊन उभा राहतो, वेळ मोठ्यानं वाचतो, आणि ती डिस्क बदलून बाहेर येईपर्यंत तिथून हलत नाही.